आईची जपमाळ कोणाकडे?



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृतांसाठी राखून ठेवतो. २ तारखेला दफनभूमी झाडून-पुसून लख्ख होते, कबरींवर झेंडूची फुले येतात, मेणबत्त्या लागतात, फादर पवित्र पाणी शिंपडत एकेका रांगेतून फिरतात. क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी सुमारे ९९८ साली आपल्या मठांमध्ये हा दिवस सुरू केला आणि तो हळूहळू साऱ्या ख्रिस्तसभेचा झाला. पुढे पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. मृतांची संख्याच तेवढी झाली होती.

यंदा या महिन्यात मला एक गोष्ट सांगायची आहे. ती माझ्या घरातली आहे आणि तिच्यात माझी चूक आहे. ताईला विचारूनच लिहितो आहे.

आमची आई ८४ व्या वर्षी देवाघरी गेली. वडील तिच्याआधी पंधरा वर्षे गेले होते. दफनभूमीत जागेची टंचाई आपण सर्व जाणतो, त्यामुळे वडिलांचीच कबर उघडायची ठरले. सकाळी मी तिथे उभा होतो. कबर खणणाऱ्या भाऊंनी हलक्या हाताने माती काढली, एकेक अस्थी उचलून पांढऱ्या कापडात ठेवली. मी वडिलांना असे पाहीन असे कधी वाटले नव्हते. त्या मातीत एक काळपट पडलेला लहानसा क्रूस निघाला. वडिलांच्या हातात आम्ही ठेवलेल्या जपमाळेचा क्रूस! मणी, दोरा काही उरले नव्हते. भाऊंनी तो पुसून अस्थींबरोबर कापडात ठेवला.

दुपारी पेटी बंद करायच्या आधी आईच्या बोटांत गुंफलेली जपमाळ मी पाहिली. साधी, लाकडी, कोणीतरी वेलंकनीहून आणून दिलेली. तिचा दोरा दोनदा तुटला होता आणि दोन्ही वेळा आईने नायलॉनच्या दोऱ्यात मणी ओवून घेतले होते. तिसऱ्या दहाच्यातला एक मणी हरवला होता, म्हणून दहावी नमो मरिया आई दोऱ्यावरच बोट ठेवून म्हणायची. ही जपमाळ आपल्या हातात असावी असे तिने ताईला सांगून ठेवले होते. मला ते माहीत होते. तरी, सगळे बाहेर असताना, मी ती तिच्या बोटांतून सोडवून घेतली आणि खिशातली प्लास्टिकची जपमाळ तिथे ठेवली. सकाळचा तो काळा क्रूस डोळ्यांपुढे होता. ही मातीत जायला नको, एवढेच मनात आले.

सोन्याची वाटणी आम्हा तीन भावंडांत एका चहाच्या वेळेत झाली, कोणाचा आवाज चढला नाही. वर्षाच्या मिस्सेनंतर मात्र माझ्या कपाटात काहीतरी शोधताना ताईला रुमालात गुंडाळलेली जपमाळ सापडली. तिने मणी मोजले. मग एवढेच म्हणाली, "आईच्या हातातून काढलीस?" त्यानंतर चार महिने ती आमच्या घरी आली नाही.

त्या चार महिन्यांत मी पुष्कळ विचार केला. काही वाचलेही. मेलेल्या माणसाची वस्तू आपण जवळ ठेवतो ती कोणासाठी? त्याच्यासाठी की आपल्यासाठी?

मराठीत आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना 'आठवण' हा एकच शब्द वापरतो. एक आठवण गेलेल्या माणसाची. दुसरी आठवण आपणही जाणार आहोत याची. ख्रिस्ती परंपरेत दुसऱ्या आठवणीला मोठा मान होता. लॅटिनमध्ये तिला 'मेमेंतो मोरी' म्हणत, म्हणजे तुला मरायचे आहे हे ध्यानात ठेव. संत जेरोम यांच्या जुन्या चित्रांत त्यांच्या मेजावर पुस्तकाशेजारी कवटी दिसते. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी तर आपल्या सूर्यस्तोत्रात मृत्यूला बहीण म्हटले, आणि त्यांच्या चित्रांतही पुढे कवटी आली.

याचे एक उदाहरण मला विशेष वाटते. १६५५ साली फाबिओ किजी हे कार्डिनल पोप झाले आणि त्यांनी अलेक्झांडर सातवे हे नाव घेतले. त्या काळी नव्या पोपच्या राज्याभिषेकात त्यांच्यासमोर अळशीच्या तंतूंचा पुंजका पेटवीत. तो क्षणात भडकून राख होई आणि जगाचे वैभव असेच सरते, असे त्यांना तीनदा ऐकवीत. (हा विधी शेवटचा झाला तो १९६३ साली, पोप सहावे पॉल यांच्या वेळी.) पण अलेक्झांडर यांना तेवढ्याने समाधान झाले नसावे. निवड होताच त्यांनी बेर्निनी या प्रख्यात शिल्पकाराला बोलावले आणि दोन वस्तू करवून घेतल्या, एक शवपेटी आणि एक संगमरवरी कवटी. पेटी झोपण्याच्या खोलीत राहिली आणि कवटी लिहिण्याच्या मेजावर. पुढच्याच वर्षी, १६५६ मध्ये, रोममध्ये प्लेग शिरला. हुकूमनाम्यांवर सही करणाऱ्या हाताशेजारी ती कवटी होती, हे लक्षात घ्या. ती कोणाची आठवण नव्हती. ती पोपसाहेबांना त्यांचीच गोष्ट सांगत होती.

आणि तिचे पुढे काय झाले? अलेक्झांडर १६६७ साली वारले. १७२८ साली किजी घराण्याच्या संग्रहातल्या पुष्कळ मूर्ती जर्मनीतील ड्रेस्डेनच्या राजाने विकत घेतल्या, त्यांत कवटीही गेली. ती कोणी घडवली हेही लोक विसरले. अलीकडे अभ्यासकांनी तिला ओळखले आणि २०२१ साली ड्रेस्डेनमध्ये तिचे खास प्रदर्शन भरले. लोक तिकीट काढून आले आणि काय कौशल्य आहे म्हणाले. मृत्यूची आठवण द्यायला केलेली वस्तू कलावस्तू होऊन बसली. आज आपल्या मुलांच्या टी-शर्टवर आणि मोटारसायकलवर कवट्या असतात, त्यांना पाहून कोणाला मरण आठवते? वस्तू स्वतःहून काही सांगत नाही. मेजावर बसणाऱ्याने रोज तिच्याकडे पाहावे लागते.

इथे एक सांगून टाकतो. जुन्या घरांत क्रूस असतो त्याच्या पायथ्याशी कधी कधी कवटी आणि दोन हाडे कोरलेली दिसतात. लहानपणी मला ती विजेच्या खांबावरच्या धोक्याच्या पाटीसारखी वाटे. तसे नाही. गुलगुथा या शब्दाचा अर्थच कवटी. आपला आदिपिता आदाम तिथेच पुरला होता अशी जुनी समजूत होती, म्हणून ती कवटी आदामाची. वर प्रभूचे रक्त सांडते आहे आणि खाली पहिला माणूस त्याची वाट पाहतो आहे. म्हणजे आपल्याकडची कवटी नुसते भय घालत नाही. तिच्या डोक्यावर क्रूस आहे. पुनरुत्थान विसरून मरणाचीच आठवण काढत बसणे हे काही ख्रिस्ती माणसाचे काम नव्हे.

राखेच्या बुधवारी आपण काय करतो तेही पाहा. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात धरून आपण होसान्ना म्हटले, त्याच वाळवून जाळतात आणि त्यांची राख कपाळाला लावतात. कोविडमुळे २०२१ साली ते शब्द सर्वांसाठी एकदाच म्हणून नंतर मुकाट्याने डोक्यावर राख शिंपडावी, असे व्हॅटिकनने कळवले. मला आठवते, आपण सगळे मास्क लावून उभे होतो आणि कोणाला काही ऐकवायची गरजच नव्हती. पण मला आवडते ते हे की ती राख घरी नेता येत नाही. संध्याकाळी तोंड धुतले की गेली. पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते.

आता पहिली आठवण, गेलेल्या माणसाची. तिचे टोक पाहायचे तर इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. तिचे पती अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी वारले. त्यानंतर स्वतः १९०१ साली मरेपर्यंत तिने काळी वस्त्रे सोडली नाहीत. पतीची खोली होती तशी ठेवली. रोज त्याचे कपडे मांडले जात, गरम पाणी आणले जाई. त्या काळात तिच्या देशात मृताच्या केसांची अंगठी किंवा पदक करून घालण्याची पद्धतच होती. कोणी याला वेड म्हणेल. मी म्हणणार नाही. आईचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. तो कोणी उचलणार नाही हे मला कळते, पण पुसून टाकायला बोट धजत नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे असेच असेल, विशेषतः ज्यांना २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या माणसाला शेवटचे नीट पाहताही आले नाही त्यांचे.

तर मग त्यात चूक कुठे आहे? या प्रश्नाशी ख्रिस्तसभेलाही झगडावे लागले आहे. १९६३ पासून कॅथलिकांना दहनाची परवानगी आहे, जरी दफन अधिक पसंत केले जाते. दहन वाढले तशी राखेची पंचाईत आली. कोणी ती घरात ठेवू लागले, कोणी वाटून घेऊ लागले, परदेशांत तर राखेपासून हिरे करून देणारी दुकाने निघाली. २०१६ साली व्हॅटिकनने स्पष्ट सांगितले की राख पवित्र जागी, दफनभूमीत किंवा चर्चमध्ये ठेवावी. अगदीच अपवादात्मक परिस्थिती सोडली तर ती घरी ठेवू नये, कुटुंबात वाटू नये, उधळू नये, तिचे दागिने वा आठवणीच्या वस्तू करू नयेत. त्याला दिलेले एक कारण मला फार पटले. राख घरात राहिली तर तिच्यासाठी प्रार्थना करणारे घरापुरतेच राहतात, आणि ती पिढी सरली की त्या माणसाला कोणी उरत नाही. दफनभूमीतला माणूस सर्वांचा असतो. नोव्हेंबरात फादर पवित्र पाणी शिंपडतात तेव्हा ज्याचे कोणी आले नाही त्याच्याही कबरीवर ते पडतेच.

डिसेंबर २०२३ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या कार्डिनलांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना व्हॅटिकनने थोडी वाट दिली. राख पवित्र जागी ठेवलेली असेल आणि श्रद्धेविरुद्ध काही समजूत नसेल, तर तिचा अगदी लहान अंश त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी ठेवण्याच्या विनंतीचा धर्माधिकारी विचार करू शकतात, असे ते उत्तर आहे. काहींना हे मागे येणे वाटले. मला ते आईसारखे वाटले, आधी नाही म्हणते आणि मग पोराचे तोंड पाहून चिमूटभर देते.

माझ्या एका मित्राने यावर विचारले, "मग संतांचे अवशेष का ठेवतो आपण?" प्रश्न रास्त आहे. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष आहेत, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात त्यांचे जाहीर दर्शन झाले. आपल्या वसईलाही येऊन गेलेला हा संत! पण तिथे ते सर्वांसमोर आहेत, एकाच्या कपाटात नाहीत. आणि कपाटात न्यायचा मोह तिथेही झालाच. १५५४ साली त्यांचा देह गोव्यात आणून दर्शनासाठी ठेवला तेव्हा एका पोर्तुगीज बाईने पायाचे चुंबन घेण्याच्या निमित्ताने बोटच चावून नेले, अशी कथा आहे. लहानपणी ही कथा ऐकून आम्ही हसायचो. आता हसू येत नाही. त्या बाईची भक्ती खोटी नसावी. माझेही आईवरचे प्रेम खोटे नव्हते. पण दोघांनीही घेतले ते दिलेले नव्हते.

शेवटी मी फादरांकडे गेलो. सगळे सांगितले. मला वाटले होते ते म्हणतील, मृताची इच्छा मोडलीत, हे वाईट झाले. किंवा म्हणतील, जाऊ द्या, आईला राग येणार नाही. त्यांनी दोन्ही म्हटले नाही. विचारले, "त्या जपमाळेवर प्रार्थना करता का?"

मी म्हटले, "नाही फादर. कपाटात आहे. रुमालात."

"का?"

मला उत्तर देता येईना. खरे उत्तर असे होते की तिच्यावर आईच्या बोटांचा स्पर्श आहे आणि माझ्या बोटांनी तो पुसला जाईल अशी मला भीती वाटत होती. मातीत वाया जाईल म्हणून मी ती वाचवली, आणि वाचवून लाकडाच्या पेटीऐवजी लाकडाच्या कपाटात पुरली. मातीत ती निदान आईच्या हातात तरी असती.

त्या रात्री मी ती बाहेर काढली. तिसऱ्या दहाच्यात नऊ मणी संपले आणि माझे बोट दोऱ्यावर आले. आई इथे कशी थांबत असेल ते त्या दिवशी कळले. आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट मनात आली, ती मात्र आईविषयी नव्हती. नमो मरियेच्या शेवटी आपण आताच्या आणि मरणाच्या वेळेसाठी विनंती करतो. ते शब्द मी हजारो वेळा म्हटले असतील. ते माझ्याच मरणाविषयी आहेत हे तोवर कधी शिरले नव्हते. कदाचित तीच जपमाळ दोन्ही आठवणी देऊ शकत होती. रुमालात असेपर्यंत ती एकच देत होती, तीही अर्धी.

दुसऱ्या रविवारी मिस्सेनंतर मी ताईकडे गेलो. जपमाळ तिच्या हातात दिली. ती घेताना काही बोलली नाही, चहा मात्र केला. मग आम्ही बोललो. कबर पुन्हा उघडून जपमाळ आत ठेवावी असेही एकदा तिच्या मनात आले होते, पण त्यासाठी आईला हलवायचे हे तिलाच बरे वाटेना. शेवटी असे ठरले की ती आळीपाळीने एकेक महिना दोन्ही घरी राहील, पण रोज वापरायची. वापरायची नसेल त्या महिन्यात दुसऱ्याकडे द्यायची. धाकटा भाऊ परदेशातून येईल तेव्हा त्याच्याकडे. आणि आम्हा तिघांत जो शेवटी जाईल त्याच्या हातात ती जाईल, आणि तेव्हा ती कोणी काढायची नाही.

जाता जाता दफनभूमीविषयी दोन शब्द, कारण पायमोडतात तो विषय पुन्हा निघणार आहे. संगमरवरी कायमच्या कबरींची मागणी काही कुटुंबे करतात. त्यांची भावना मी समजू शकतो, पण माझे मत विरुद्ध आहे. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांमध्ये जाऊन पाहा. जमिनीत पोर्तुगीज सरदारांच्या दगडी फरशा आहेत, त्यांवर नावे आहेत, घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. १७३९ साली किल्ला मराठ्यांनी घेतला आणि त्यांना ओळखणारे कोणी उरले नाही. आज सहलीची मुले त्यांवरून धावतात. उलट पोप फ्रान्सिस यांचे पाहा. २१ एप्रिल २०२५ रोजी ते वारले. रोमच्या सांता मारिया मायोरे या चर्चमध्ये, त्यांनीच सांगून ठेवल्याप्रमाणे, त्यांची जमिनीतली साधी कबर आहे आणि तिच्यावर फक्त त्यांचे नाव आहे. तुलनेला अलेक्झांडर सातवे यांचेच स्मारक घ्या. बेर्निनीने केलेले ते स्मारक १६७८ मध्ये पुरे झाले. त्यात लाल दगडाच्या पडद्याखालून सोनेरी सांगाडा वाळूचे घड्याळ वर करून दाखवतो. भव्य आहे, यात शंका नाही. पण मेजावरची ती लहान कवटीच मला अधिक खरी वाटते, कारण ती त्यांनी जिवंतपणी स्वतःसाठी ठेवली होती.

आमच्या वडिलांची आणि आईची जागा काही वर्षांनी पुन्हा लागेल. तेव्हा त्यांच्या अस्थी कोनाड्यात जातील, तो काळा क्रूस आणि ती प्लास्टिकची जपमाळही. प्लास्टिक टिकेल, हे एक वाईट वाटते.

मी हे सगळे घरी सांगितले तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, ती तुमच्या हातात ठेवली, तर मग मला काय राहील?" मी तिला अजून उत्तर दिलेले नाही. सध्या जपमाळ ताईकडे आहे. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला मी ती आणायला जाणार आहे, आणि या वेळी मुलीला बरोबर नेणार आहे.